तीर्थनवर पाच दिवस, एक ट्राउट

हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर ट्राउट मासा पकडायला जायचंय पण काहीच कळत नाही अशा अवस्थेत मी २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये होते, आणि मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून हे लिहितेय. आधीच सांगते, मासा एकच मिळाला, तोही सोडला. त्यामुळे मोठ्या माशाबरोबर फोटो वगैरे बघायला आला असाल तर इथेच थांबा :)

माझं माहेर मालवणच्या बाजूला, कालावलच्या खाडीजवळ. आमच्याकडे गळ टाकून मासे पकडण्याला गरवणं म्हणतात. मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून बाबांबरोबर गरवायला जायचे. बांबूची काठी नाही, काही नाही, नुसती दोरी हातात गुंडाळायची, पुढे शिसं आणि गळ, आमिषाला कोलंबी, आणि भरती लागायची वाट बघत बसायचं. काळुंदर, शेंगटी, नशीब असेल तर तांबोशी. लग्न झालं, पुण्याला आले आणि हे सगळं सुटलं. मग ह्या वर्षी ऑफिसमधल्या एका मुलाने तीर्थनचे फोटो दाखवले, हिरवं काचेसारखं पाणी, त्यात गुडघाभर उभा राहिलेला माणूस, आणि मला एकदम बोटात ती दोरी आठवली. बस्, ठरवलं.

तीर्थन म्हणजे हिमाचलमध्ये, कुल्लू जिल्ह्यात, बंजार तालुक्यातली नदी. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून खाली येते (ह्या पार्कला २०१४ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला) आणि लारजीला ब्यास नदीला मिळते. ट्राउटचा सीझन मार्च ते ऑक्टोबर. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत बंद, कारण तेव्हा ब्राउन ट्राउट अंडी घालतात. त्या आठ महिन्यांतही मे-जूनमध्ये बर्फाचं पाणी, मग पावसाळा, म्हणजे नदी गढूळ आणि जोरात. म्हणून लोक एकतर मार्च-एप्रिलमध्ये जातात नाहीतर सप्टेंबर संपता संपता आणि ऑक्टोबरमध्ये. मला रजा दसऱ्याला जोडून मिळत होती, ती घेतली. ह्या दसऱ्याने पुढे काय केलं ते येईलच.

सप्टेंबरमध्ये सामान घेतलं. सात फुटी स्पिनिंग रॉड, चार तुकड्यांत उघडणारा (हे महत्त्वाचं, दोन तुकड्यांचा बॅगेत मावत नाही) ३,२०० रुपये, छोटं रील (दोरा गुंडाळायची फिरकी) २,४००, सहा पौंड वजन पेलणारी लाइन, म्हणजे गळाचा दोरा, ३५०, आणि नऊ स्पिनर सगळे मिळून १,४०० च्या आसपास. स्पिनर म्हणजे पाण्यात ओढला की गरागरा फिरणारं चकचकीत पातं आणि मागे गळ, माशाला ते छोटं मासोळं वाटतं. फ्लाय फिशिंग वेगळं, त्यात पिसांची खोटी माशी असते आणि फेकायची पद्धतच वेगळी, ते एका महिन्यात जमणार नाही म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने स्पिनरच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मग प्रॅक्टिस. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी सहाला, स्पिनरच्या जागी एक लोखंडी नट बांधून. वॉचमनकाका पहिले दोन दिवस बघत होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले, ताई काय हरवलंय का? मी सांगितलं मासे पकडायची प्रॅक्टिस. त्यावर ते काहीच बोलले नाहीत, पण बिल्डिंगमध्ये ही बातमी पोचायला अर्धा तास लागला नाही. तळमजल्याच्या जोशीकाकूंच्या तुळशीला एकदा नट लागला. कुंडी वाचली.

१२ ऑक्टोबरला दसरा झाला, सोनं वाटलं, १३ ला दुपारच्या विमानाने दिल्ली. इथे पहिला धडा: गळ, स्पिनर, लाइन, पक्कड सगळं चेक-इन बॅगेत टाका. मी गळ टाकले होते पण छोटी पक्कड पर्समध्ये राहिली, ती सिक्युरिटीला गेली. चूक माझीच. दिल्लीहून संध्याकाळी मनालीची व्हॉल्वो (१,४५० रुपये), आणि उतरायचं औटला. औट मनालीच्या रस्त्यावर आहे, तिथला मोठा बोगदा लागायच्या आधी बंजारचा फाटा फुटतो. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा आणि पहाटे परत एकदा सांगा, कारण बाकीची सगळी बस मनालीला चाललेली असते आणि झोपलेली असते. मी पावणेसातला डोळे चोळत रस्त्यावर उतरले तेव्हा माझ्याबरोबर फक्त एक कोबीची पोती उतरवणारा माणूस होता. तिथून गुशैणीपर्यंत (मी राहणार होते ते तीर्थनकाठचं गाव) टॅक्सी १,६००, साधारण दीड तास. बस पण आहे बंजारला, पण रॉड, सॅक आणि ती झोप, नको वाटलं.

औटच्या खालीच थलौट लागतं. तिथे २०१४ मध्ये हैदराबादचे २४ विद्यार्थी ब्यासमध्ये वाहून गेले होते, वरच्या लारजी धरणातून पाणी सुटलं तेव्हा. टॅक्सीवाल्याने न विचारता सांगितलं आणि पुढे म्हणाला, "नदी का भरोसा मत करना मैडम, चाहे घुटने तक ही हो।" तीर्थनवर वर कुठे मोठं धरण नाही. खरं तर छोटे वीजप्रकल्प यायचे होते, बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि गावकरी त्याविरुद्ध कोर्टापर्यंत गेले आणि प्रकल्प रद्द झाले, म्हणून ही नदी अजून अशी वाहतेय. पण वाक्य डोक्यात राहिलं.

आता लायसन्स. हा भाग नीट वाचा, माझा दीड दिवस इथे गेला.

ट्राउटच्या पाण्यात गळ टाकायला मत्स्य खात्याचं लायसन्स लागतं, मी दिवसाला १०० रुपये भरले. मला वाटलं होतं सोमवारी सकाळी पोचू, दहाला लायसन्स, अकराला पाण्यात. पण कुल्लूचा दसरा आपला दसरा संपतो तेव्हा सुरू होतो! हे मला माहीतच नव्हतं. विजयादशमीपासून सात दिवस, यंदा १३ ते १९ ऑक्टोबर, आणि खोऱ्याखोऱ्यातले देव पालखीसारख्या रथातून कुल्लूच्या ढालपूर मैदानात जातात, देवाबरोबर वाजंत्री, पुजारी, अर्धं गाव. होमस्टेच्या काकींनी चहा देता देता शांतपणे सांगितलं की आज सही करणारा माणूस दशहऱ्याच्या ड्यूटीवर आहे, कल देखेंगे. आमचा देव पण गेलाय, काकी म्हणाल्या, त्यामुळे आमच्या ह्यांचे मोठे भाऊ, जे टॅक्सी चालवतात, ते पण गेलेत.

शिवाय आधारचं झेरॉक्स माझ्याकडे नव्हतं. फोनमध्ये फोटो होता, पण कागद लागतो. गुशैणीत तेव्हा लाइट गेलेली, मग बंजारला जाऊन झेरॉक्स काढायचं, दहा किलोमीटर जायचं, दहा यायचं, शेअर जीपची वाट बघत. पासपोर्ट साइज फोटो मी नशिबाने ठेवले होते. तर: आधारच्या दोन झेरॉक्स, दोन फोटो, आणि सुट्टे पैसे घरूनच घेऊन जा. फोटो माझ्याकडे कुणी मागितला नाही शेवटी, पण असू द्या.

त्या दिवशी दुपारी मी ठरवलेल्या गाइडला म्हटलं, नदी इथे समोर आहे, कोण बघतंय, नुसतं दोन-चार वेळा फेकून बघू का? तो पंचविशीतला मुलगा, इतका वेळ हसत होता, एकदम गंभीर झाला. "मैडम जी, हाथ-मुँह धो लो, फोटो खींच लो, रॉड आज बाहर नहीं निकलेगा।" मला वाईट वाटलं तेव्हा, पण नंतर त्याने सांगितलं की कुणी रात्री चोरून जाळं टाकतं, कुणी मासे मारायला ब्लीचिंग पावडर ओततं, आणि मग लायसन्सवाल्यांनीच नियम मोडले तर ह्या लोकांना बोलणार कोण. रॉड हॉटेलच्या, सॉरी होमस्टेच्या खाटेखाली गेला.

१५ तारखेला सव्वाबाराला लायसन्स मिळालं. फॉर्मवर नाव, पत्ता, कुठल्या पाण्यात, किती दिवस. १५ ते १८ असे चार दिवस, ४०० रुपये रोख, पावती. एकदा माणूस समोर बसला की काम दहा मिनिटांचं आहे, आणि तो माणूस चांगला होता, त्याने स्वतःहून सांगितलं की जाळं चालणार नाही, फक्त रॉड-लाइन, लहान मासा परत सोडायचा, आणि पार्कच्या हद्दीत जायचं असेल तर त्याचं परमिट वेगळं. माणूस आज कुठे बसतो ते होमस्टेवाल्यांना विचारा, त्यांना फोनवर कळतं.

गाइडचे पूर्ण दिवसाचे १,५०० आणि अर्ध्या दिवसाचे ८००. एकटे जाऊ नका. पैसे वाचवायचे तर रॉड स्वस्तातला घ्या, पण गाइड घ्या.

पहिल्या दुपारी दोन तासांत तीन स्पिनर गेले. म्हणजे मासा घेऊन नाही गेला, दगडात अडकले. आणि एकदा मी पडले, गुडघा फुटला. तीर्थनमधले धोंडे बाहेरून कोरडे दिसतात आणि पाण्याखाली त्यांच्यावर साबण लावल्यासारखं शेवाळ असतं. गाइडने संध्याकाळी माझे बूट बघितले आणि काकींकडून जुने लोकरीचे मोजे आणले, ते बुटाच्या वरून चढवायचे. दिसायला गबाळं, पण शेवाळावर लोकर धरते. दुसऱ्या दिवसापासून एकदाही पडले नाही. महागडे वेडर (पाण्यात चालायचे लांब वॉटरप्रूफ बूट) वगैरे नसतील तर हे करा. पाणी मात्र इतकं गार की दहा मिनिटांत पोटऱ्यांखाली पाय आहेत का नाहीत कळत नाही, मग बाहेर येऊन उन्हात बसायचं आणि परत जायचं.

१६ ला पूर्ण दिवस. इथे मला कळलं की माझी अडचण कास्टिंग, म्हणजे गळ फेकणं, नाहीये, माझी अडचण कालावलची खाडी आहे. लहानपणापासून अंगात बसलंय की एक जागा धरायची आणि गप्प बसायचं, भरती लागली की मासा येतो. मी एका छान डोहाकडे उभी राहिले आणि तिथेच वीस मिनिटं फेकत राहिले. गाइड मागे दगडावर बसून अक्रोड फोडत होता. शेवटी म्हणाला, "यहाँ जो था उसने तीसरी बार में देख लिया, अब वो नहीं आएगा। चलो।" ट्राउट जागा सोडत नाही. मोठ्या धोंड्यामागे, जिथे धार मोडते तिथे, तोंड वरच्या बाजूला करून उभा राहतो, खाणं वाहत त्याच्यासमोर येतं. आपण खालून वर चालत जायचं, म्हणजे त्याच्या पाठीमागून. वरच्या अंगाला फेकायचं आणि धारेपेक्षा जरासं जास्त वेगाने ओढायचं, नाहीतर स्पिनर फिरतच नाही. एका जागी तीन-चार वेळा, नाही आला तर पुढचा धोंडा. आणि सावली! ऊन पाठीमागे असेल तर आपली सावली आपल्या आधी पाण्यात पोचते. तो मला सारखा "झुको, झुको" म्हणत होता. त्रेचाळिसाव्या वर्षी फुटलेल्या गुडघ्याने वाकून नदीत चालणं, असो.

दुपारी तीनच्या सुमाराला काहीतरी खेचलं. काळुंदर जशी आधी चाचपते, टक टक करते, तसं काही नाही, एकदम धक्का. आणि मी खाडीतल्या सवयीने हिसका दिला जोरात. लाइन ढिली पडली. गेला. गाइड "कोई बात नहीं" म्हणाला, पण चेहरा पडलेला दिसला. त्याचं म्हणणं, वाहत्या पाण्यात मासा स्वतःच गळ घेतो, आपण फक्त लाइन ताठ ठेवायची. मी त्या रात्री जेवताना पण हात ताठ ठेवून बघत होते, काकी हसत होत्या.

परत येताना त्याने मला एक जागा दाखवली, उथळ पाण्यात बारीक खडी होती आणि त्यात ताटाएवढा एक पांढुरका तुकडा, घासून ठेवल्यासारखा. मादी शेपटीने खडी साफ करते आणि तिथे अंडी घालते. ऑक्टोबरच्या मध्याला हे सुरू होतं काही ठिकाणी. तिथे पाय ठेवायचा नाही आणि तिथे दिसणाऱ्या माशावर गळ टाकायचा नाही, असं त्याने सांगितलं, हे खात्याने सांगितलं नव्हतं. मग मी पूर्ण वेळ पाय कुठे ठेवतेय ते बघत होते.

१७ ला सकाळी काही नाही, दुपारी वरच्या बाजूला ढग दाटले आणि तासाभरात पाण्याचा रंग बदलला. आमच्याकडे एक थेंब पडला नव्हता. हिरवं पाणी पिठूळ झालं आणि ज्या दगडावर मी डबा ठेवला होता त्याच्या कडेला पाणी लागलं. गाइडने "बाहर" एवढंच म्हटलं आणि मी वाद घातला नाही. लायसन्सचा अर्धा दिवस गेला, जाऊ दे. मग आम्ही खाली नागिनीला सरकारी ट्राउट फार्म बघायला गेलो. सिमेंटच्या लांब हौदांत रेनबो ट्राउट, शेकड्याने, खाणं टाकलं की पाणी उकळल्यासारखं होतं. खायची ट्राउट बहुतेक अशीच पाळलेली असते. त्या रात्री काकींनी ती नुसती हळद, मीठ, लसूण लावून मोहरीच्या तेलात तळली. छान होती. पण मालवणी माणसाला विचाराल तर, गोड्या पाण्याचा मासा तो गोड्या पाण्याचा, मी मनात कोकम आणि तिरफळ घालत होते.

ह्या माशाची गोष्ट मला तिथेच कळली. ट्राउट हिमालयातला नाहीच. १९०० मध्ये स्कॉटलंडहून ब्राउन ट्राउटची अंडी काश्मीरला आणली, आणि काश्मीरमधून १९०९ मध्ये कुल्लूला, हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने कटराईंजवळ महिलीला हॅचरी काढली. तिथून तो ह्या सगळ्या नद्यांत गेला. इथल्या मूळच्या माशाचं नाव "असला", म्हणजे स्नो ट्राउट, नावात ट्राउट असलं तरी तो आपल्या रोहू-कटल्याच्या नात्यातला, आणि पाहुण्याने त्याची जागा खाल्ली अशी तक्रार आहे. गाइडचे आजोबा हा "असला" मासाच पकडायचे म्हणे. त्यामुळे ट्राउट म्हणजे हिमालयाचा शुद्ध आत्मा वगैरे जे लिहिलेलं असतं ते वाचलं की आता मला हसू येतं. मासा मात्र सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही.

१८ ला शेवटचा दिवस. रात्री औटहून बस होती. सकाळी साडेसहाला निघालो, पाणी परत निवळलं होतं, जरा वर गेलो, जिथे दोन धोंड्यांमधून धार घुसते आणि पुढे एक छोटा काळपट खळगा आहे. माझ्या मनात काही आशा वगैरे नव्हती, मी परतीचं पॅकिंग डोक्यात करत होते, ओला टॉवेल कुठल्या पिशवीत घालायचा वगैरे. दुसऱ्या फेकीला लाइन थांबली. मला वाटलं दगड. चौथा स्पिनर गेला असं म्हणणार एवढ्यात दगड बाजूला सरकला.

ह्या वेळी हिसका दिला नाही. रॉड वर धरला आणि रील फिरवत राहिले, तो दोनदा धारेत शिरला, रीलने कर्र केलं, गाइड मागून "ढीला, ढीला, अब लो" करत होता. दोन मिनिटं असेल जेमतेम. मग तो कडेच्या उथळ पाण्यात आला. हात आधी पाण्यात भिजवून घ्यायचे, कोरड्या हाताने धरलं तर त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग तो जगेलच असं नाही. मी दोन्ही हात बुडवले आणि खालून धरला. मधाच्या रंगाचं पोट, पाठ शेवाळी, अंगावर काळे ठिपके आणि मधेच लाल ठिपके, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं, कुणीतरी बसून रंगवल्यासारखं. वितीपेक्षा बोटभर मोठा, बस्. "छोटा है, छोड़ दो," गाइड म्हणाला. गळाचा उलटा काटा आम्ही आदल्या दिवशीच पकडीने दाबून टाकला होता म्हणून गळ पटकन निघाला (हे नक्की करा). मग तोंड धारेकडे करून पाण्याखाली नुसता धरून ठेवायचा. कल्ले उघडत होते, मिटत होते. मला वाटलं हा निपचित पडलाय, आणि तेवढ्यात हातात काही नव्हतंच. फोटो नाही. फोन वर सॅकमध्ये होता.

त्यानंतर अकरापर्यंत फेकलं, काही लागलं नाही.

खर्च विचाराल म्हणून: विमान जाऊन-येऊन ११,०००, बस दोन्ही वेळची २,९००, टॅक्सी ३,२००, होमस्टे चार रात्री जेवणासकट ६,४००, गाइड ५,३००, लायसन्स ४००, आणि सामान ७,३५०. साडेछत्तीस हजार झाले. नवऱ्याने हिशोब करून सांगितलं की बाजारात पापलेट ह्यापेक्षा स्वस्त पडतं.

औटच्या बस स्टॉपवरून बाबांना फोन केला. बाबा आता सत्तरीपार, गरवायला अजून जातात.

"मगे? काय गावला?"

"एक."

"केवढो?"

"वितीपेक्षा जरा मोठो. सोडलंय त्याका."

जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, "खुळी काय गो तू? इतक्या लांब गेलंस नि सोडलंस?" आणि मागून आईचा आवाज, काय म्हणता ती, काय म्हणता. मग त्यांनी विचारलं, रॉड कितीचा, लाइन किती जाडीची, रील उजव्या हाताचं की डाव्या. पाच मिनिटं नुसतं रीलबद्दल बोललो.

आज २७ ऑक्टोबर २०२४. सीझन चार दिवसांत बंद होतोय, म्हणजे ह्या वर्षी कुणाला जायचं असेल तर आता मार्चच धरा. रॉड दिवाळीला माझ्याबरोबर मालवणला चाललाय, बाबांनी जागा पण ठरवून ठेवलीय, भरतीची वेळ बघून. उरलेल्या सहा स्पिनरांपैकी दोन त्यांना देणार आहे. खाडीत चालतील का माहीत नाही, ते म्हणाले कोलंबी बरोबर घेऊनच येतो.